उड्डाणातील नकाशा आणि हातातील पाटी : टॅब्लेट-प्रणाली निवडण्याच्या निकषांची चिकित्सा

प्रस्तावना

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांतील महाविद्यालयांत विज्ञान शाखेची बारावी उत्तीर्ण होऊन वैमानिक होण्याची आकांक्षा बाळगणारे विद्यार्थी आता दुर्मीळ राहिलेले नाहीत. पुढील प्रशिक्षणासाठी त्यांना बारामती, धुळे, शिरपूर किंवा गोंदिया येथे जावे लागते. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी २०० तासांच्या उड्डाणाची अट आहे आणि त्यासाठी लागणारा पैसा मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आयुष्यभराच्या बचतीहून अधिक असू शकतो. अशा विद्यार्थ्याकडून अलीकडे प्राध्यापकांना, विशेषतः भौतिकशास्त्र व संगणकशास्त्र शिकविणाऱ्यांना, एक प्रश्न हमखास विचारला जातो : उड्डाणात दिशादर्शनाचे ॲप वापरायचे तर टॅब्लेट कोणता घ्यावा, आयपॅड की अँड्रॉइड?

वरवर पाहता हा बाजारहाटाचा प्रश्न आहे आणि त्याला बाजारी उत्तरेही भरपूर उपलब्ध आहेत. तथापि या उत्तरांमागे कोणते निकष गृहीत धरलेले आहेत, ते कोणत्या देशाच्या परिस्थितीतून आले आहेत आणि आपल्या परिसराला ते कितपत लागू पडतात, याची तपासणी क्वचितच होते. प्रस्तुत लेखात कोणत्याही एका कंपनीची भलामण करावयाची नसून, ज्या निकषांवर ही निवड आज केली जाते त्या निकषांचीच चिकित्सा करावयाची आहे.

कागदी नकाशापासून पाटीपर्यंत

१० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटा यांना भारतात वैमानिकाचा पहिला परवाना मिळाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी त्यांनी 'पस मॉथ' विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू धावपट्टीवर टपाल आणले. त्या विमानात रेडिओ नव्हता. होकायंत्र, घड्याळ, नकाशा आणि खाली दिसणारा किनारा व रेल्वेमार्ग हेच दिशादर्शनाचे साधन होते. याच सुमारास अमेरिकेत एलरे जेप्पेसन हा टपाल-वैमानिक विमानतळांची, अडथळ्यांची व उंचीची टिपणे एका वहीत करीत असे. १९३४ पासून त्या टिपणांची पुस्तिका १० डॉलरला विकली जाऊ लागली आणि तीतून विमानविद्येच्या नकाशांचा जागतिक व्यवसाय उभा राहिला.

हे नकाशे दीर्घकाळ कागदावरच राहिले. मोठ्या कंपन्यांच्या वैमानिकांना सुमारे १६ किलो वजनाची पुस्तकांची बॅग विमानात वाहावी लागे आणि ठरावीक कालावधीने तिच्यातील पाने हाताने बदलावी लागत. २०१० मध्ये आयपॅड बाजारात आला आणि चित्र पालटले. २०११ मध्ये अमेरिकी विमानवाहतूक नियामकाने एका विमानसेवेला कागदाऐवजी आयपॅड वापरण्यास मान्यता दिली. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकन एअरलाइन्सने उड्डाणाच्या सर्व टप्प्यांत त्याचा वापर सुरू केला. बॅगा गेल्याने इंधनाचीच वर्षाला १२ लाख डॉलरची बचत होईल, असे त्या कंपनीने सांगितले होते.

येथवरचा इतिहास हा सोयीचा इतिहास आहे. त्यातून एक समज मात्र नकळत रूढ झाला : नकाशा म्हणजे पडद्यावरचे चित्र आणि चित्र जितके सुबक, तितका नकाशा चांगला. पुढील सर्व तौलनिक परीक्षणे या समजावर उभी आहेत.

प्रचलित परीक्षणांचा पूर्वपक्ष

आयपॅडच्या बाजूने मांडला जाणारा युक्तिवाद दुर्बल नाही, हे प्रारंभीच मान्य केले पाहिजे. २००७ मध्ये स्थापन झालेल्या 'फोरफ्लाइट' या कंपनीचे ॲप आयफोन व आयपॅड यांवरच वाढले आणि अमेरिकेतील खासगी वैमानिकांत ते जवळजवळ प्रमाण मानले जाऊ लागले. आयपॅडचे नमुने मोजके असल्यामुळे ॲप तयार करणाऱ्याला प्रत्येक नमुन्यावर चाचणी घेता येते. लहान आकाराचा आयपॅड मांडीवरील पट्ट्यावर नीट बसतो.

अँड्रॉइडच्या बाजूचे म्हणणेही तितकेच ठाम आहे. उपकरणे स्वस्त आहेत, निवडीला वाव आहे, बाह्य जीपीएस यंत्र जोडणे सोपे आहे. 'गार्मिन पायलट' दोन्ही प्रणालींवर चालते. युरोपात लोकप्रिय असलेले 'स्कायडेमन' हेही एकाच प्रणालीला बांधलेले नाही. 'अवारे' हे मुक्त स्रोत ॲप अँड्रॉइडवर विनामूल्य मिळते.

या दोन्ही पक्षांत एक साम्य आहे. दोघेही उपकरणाकडून सुरुवात करतात आणि ॲपकडे जातात. ॲपमधील माहिती कोठून येते, हा प्रश्न शेवटी येतो किंवा येतच नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते हा क्रमच उलटा आहे.

आयात केलेले निकष

परदेशी परीक्षणांत ज्या गुणांचे सर्वाधिक कौतुक असते, त्यांपैकी एक म्हणजे उड्डाण चालू असताना पडद्यावर दिसणारे ताजे हवामान. अमेरिकेत जमिनीवरील केंद्रांतून हवामानाची माहिती रेडिओलहरींद्वारे विनामूल्य प्रक्षेपित होते आणि वैमानिकाच्या छोट्या ग्राहकयंत्रातून ती टॅब्लेटवर उमटते. भारतात ही व्यवस्था नाही. म्हणजे ज्या सुविधेसाठी एखाद्या ॲपला वरचा क्रमांक दिला जातो, ती सुविधा सह्याद्रीच्या आकाशात रिकामीच राहणार. 'अवारे' विनामूल्य असण्याचे कारणही त्याच्या मुक्त स्रोतात जितके आहे, तितकेच अमेरिकी शासन आपले नकाशे सार्वजनिक मालमत्ता म्हणून खुले करते यात आहे. ती माहिती त्या देशापुरती आहे. प्रणाली खुली असून भागत नाही. माहिती खुली असावी लागते.

भारतात विमानविद्याविषयक अधिकृत माहिती-प्रकाशन भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडून होते आणि त्याची इलेक्ट्रॉनिक आवृत्ती कोणालाही वाचता येते. या माहितीत २८ दिवसांच्या आंतरराष्ट्रीय चक्रानुसार बदल लागू होतात. तेव्हा आपल्या विद्यार्थ्याने विचारावयाचा पहिला प्रश्न असा : या ॲपमध्ये भारताची अधिकृत माहिती आहे का, ती कोणाकडून येते आणि दर २८ दिवसांनी बदलते का? या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल, तर आयपॅड आणि अँड्रॉइड यांची तुलना निरर्थक ठरते.

प्रश्न किती व्यावहारिक आहे, हे आपल्याच परिसरात दिसते. नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून प्रवासी विमाने उडू लागली. ज्या टॅब्लेटमधील नकाशा त्यापूर्वीचा आहे, त्याचा पडदा कितीही झळाळता असो, तो आता अस्तित्वात नसलेल्या जगाचा नकाशा आहे.

नेवाळीची धावपट्टी : एक स्थानिक दृष्टान्त

नकाशावरील चित्र आणि भूमीवरील वस्तुस्थिती यांतील अंतर समजून घेण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. कल्याणहून मलंगगडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, अंबरनाथच्या जवळ, नेवाळी येथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश शासनाने शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन विमानांसाठी धावपट्टी केली. युद्ध संपले, जमिनीचा प्रश्न संपला नाही. पुढे ही जमीन नौदलाकडे आली आणि तिच्याभोवती कुंपणभिंत घालण्यास विरोध म्हणून झालेल्या शेतकरी-आंदोलनाला २२ जून २०१७ रोजी हिंसक वळण लागले.

उपग्रहचित्रात अशा जुन्या धावपट्टीच्या खुणा दिसू शकतात. उपग्रहचित्राचा थर दाखविणाऱ्या एखाद्या ॲपवर बोट ठेवून नवशिका वैमानिक म्हणू शकेल, 'इंजिन बंद पडले तर येथे उतरता येईल.' परंतु ज्या जागेवर नियमित विमाने उतरत नाहीत, जिच्या पृष्ठभागाची देखभाल विमानांसाठी होत नाही, जिथे माणसांची वहिवाट आहे आणि जिच्या मालकीवरून पिढ्यान्‌पिढ्या संघर्ष झाला आहे, ती जागा पडद्यावरील रेषेने विमानतळ होत नाही. चित्र सांगते, 'येथे काहीतरी आहे.' अधिकृत माहिती-प्रकाशन सांगते, 'येथे उतरण्यास मुभा आहे किंवा नाही.' पहिले म्हणजे प्रतिमा, दुसरे म्हणजे विधान. आणि विधानाची जबाबदारी कोणीतरी घेतलेली असते. टॅब्लेटची प्रणाली कोणतीही असो, हा भेद ती आपण होऊन करून देत नाही. तो करण्याची सवय वैमानिकाच्या शिक्षणातून यावी लागते.

उपकरणाची कसोटी : उष्मा, उंची आणि स्थिती

माहितीचा प्रश्न सुटल्यावरच उपकरणाकडे वळणे योग्य होय. येथेही परीक्षणे पडद्याच्या तेजाविषयी व प्रक्रियेच्या वेगाविषयी बोलतात. आपल्याकडील पहिली कसोटी उन्हाची आहे. आयपॅडच्या निर्मात्याने तो ० ते ३५ अंश सेल्सिअस या परिसर-तापमानात वापरावा असे नमूद केले आहे आणि अनेक अँड्रॉइड टॅब्लेटांची मर्यादाही हीच आहे. एप्रिल-मे महिन्यांत बदलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो. उन्हात उभ्या असलेल्या लहान विमानाच्या काचबंद कक्षातील तापमान त्याहूनही बरेच वर जाते. म्हणजे निर्मात्याच्याच शब्दांत, आपल्याकडील उन्हाळ्यातील भर दुपार ही या उपकरणाच्या मर्यादेबाहेरची आहे. तापलेला टॅब्लेट प्रथम पडदा मंद करतो आणि नंतर सूचना देऊन बंद होतो. ही मर्यादा दोन्ही प्रणालींना समान असल्याने तिच्यावर ब्रँड बदलणे हा उपाय नव्हे. सावलीत बसविणे, हवा लागू देणे, उड्डाणापूर्वी चार्ज करून ठेवणे आणि दुसरे साधन जवळ असणे हाच उपाय आहे. ध्रुवीकृत काचांचा गॉगल लावल्यास काही पडदे विशिष्ट कोनातून काळे दिसतात, हेही दुकानात नव्हे, धावपट्टीवर कळते.

उंचीबाबत आयपॅडच्या निर्मात्याने ३००० मीटरपर्यंतचा आकडा दिला आहे. प्रशिक्षणाच्या लहान विमानांना तो सहसा पुरतो.

दुसरी कसोटी स्थिती-निर्धारणाची. फक्त वाय-फाय असलेल्या आयपॅडमध्ये उपग्रहावरून स्थिती ओळखणारा ग्राहक नसतो. तो सिमकार्डच्या नमुन्यात असतो. काही अँड्रॉइड टॅब्लेटांत मात्र सिमशिवायही तो असतो. स्वस्त म्हणून वाय-फाय आयपॅड घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती दिशादर्शक नव्हे, केवळ चित्रपुस्तक येते. नंतर बाह्य जीपीएस यंत्र विकत घेतल्यावर 'स्वस्त' या शब्दाचा अर्थ बदलतो.

परंतु ग्राहक आहे म्हणून स्थिती खरीच आहे, असे नाही. विमानात बसविलेल्या प्रमाणित यंत्रणेला उपग्रहसंकेत विश्वासार्ह आहे की नाही हे तपासून धोक्याची सूचना द्यावी लागते. भारताच्या 'गगन' या उपग्रहाधारित पूरक प्रणालीला २०१३ व २०१५ मध्ये विमानवाहतुकीसाठी टप्प्याटप्प्याने प्रमाणन मिळाले, ते याच विश्वासार्हतेसाठी. ग्राहकोपयोगी टॅब्लेटवर अशा प्रमाणित सूचनेचे बंधन नाही. चुकीची स्थितीही तो त्याच आत्मविश्वासाने निळ्या ठिपक्यात दाखवितो. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्ली विमानतळाच्या परिसरात खोटे जीपीएस संकेत मिळाल्याच्या घटना घडल्या आणि शासनाने संसदेत त्या मान्य केल्या. मोठ्या विमानांनाही चकविणारे संकेत मांडीवरच्या टॅब्लेटला चकविणार नाहीत, असे मानणे भाबडेपणाचे होईल.

अंबरनाथच्या आयुध निर्माणी व यंत्र-कारखान्यांत आयुष्य घालविलेल्या कामगाराला हे वेगळे सांगावे लागत नाही. मापनयंत्र कितीही चकचकीत असो, त्याची तपासणी कधी व कशाशी ताडून झाली, हे विचारल्याशिवाय तो त्यावर माप घेत नाही. ही शिस्त आपल्या विद्यार्थ्याच्या घरात आधीपासूनच असू शकते. तिचा धागा टॅब्लेटपर्यंत आणून जोडणे एवढेच शिक्षकाचे काम आहे.

प्रणालीचे आयुष्य आणि मालकी

तिसरा आणि सर्वांत दुर्लक्षित निकष काळाचा आहे. २०१३ मध्ये डेल्टा या अमेरिकी विमानसेवेने आपल्या सुमारे ११,००० वैमानिकांसाठी मायक्रोसॉफ्टचा 'सरफेस २' निवडला. तो ज्या 'विंडोज आरटी' प्रणालीवर चालत असे, ती प्रणालीच मायक्रोसॉफ्टने पुढे गुंडाळली आणि काही वर्षांत डेल्टानेही आयपॅडकडे मोर्चा वळविला. मोठ्या कंपनीला हा खर्च झेपतो. कर्ज काढून शिकणाऱ्या विद्यार्थ्याला झेपत नाही.

यावरून आयपॅड हाच सुरक्षित पर्याय असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. परंतु एप्रिल २०१५ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सची काही डझन उड्डाणे आयपॅडवरील नकाशा-ॲपच्या बिघाडामुळे खोळंबली, हेही विसरता येत नाही. दोष उपकरणाचा नव्हता. एकाच विमानतळाचा नकाशा माहितीसंचात दोनदा आल्याने ॲप बंद पडत होते. सर्व वैमानिकांकडे एकच उपकरण, एकच ॲप आणि एकच माहितीसंच असल्यामुळे एक चूक सर्वत्र एकाच वेळी पोहोचली. एकसारखेपणा हा आयपॅडचा गुण म्हणून सांगितला जातो. तोच येथे दुर्बलता ठरला. प्रणालीची नवी आवृत्ती आली की काही दिवस ती घेऊ नका, असा सल्ला ॲप-निर्माते अनेकदा देतात, त्याचे कारणही हेच.

मालकीचा मुद्दा याला जोडूनच येतो. बोइंगने २००० मध्ये जेप्पेसन आणि २०१९ मध्ये फोरफ्लाइट विकत घेतले. २०२५ मध्ये हे दोन्ही उद्योग थोमा ब्राव्हो या गुंतवणूक-संस्थेला विकले गेले. वैमानिकाच्या मांडीवरील टॅब्लेट तोच राहिला. त्यातील नकाशाचा मालक मात्र दोनदा बदलला. कागदी नकाशा एकदा विकत घेतला की आपला होत असे. ॲपमधील नकाशा हा वर्गणी भरेपर्यंतचा भाडेकरार आहे. त्यात अनैतिक असे काही नाही. परंतु हे नाते विद्यार्थ्याला माहीत असले पाहिजे.

एका आक्षेपाचा विचार

येथे कोणी म्हणेल की, ही सारी चर्चा अतिदक्षतेची आहे; आजचे वैमानिक टॅब्लेट वापरतात, विमाने सुखरूप उतरतात आणि कागदाकडे परतणे आता शक्य नाही. या आक्षेपात तथ्य आहे. टॅब्लेटमुळे वैमानिकाचे परिस्थितीभान वाढते, जुना नकाशा चुकून वापरला जाण्याची शक्यता घटते आणि कामाचा ताण कमी होतो. प्रस्तुत लेखाचा रोख टॅब्लेटविरुद्ध नाही.

परंतु साधन नेहमी चालते, हे ते न चालेल तेव्हाच्या तयारीचे उत्तर होत नाही. २६ जुलै २००५ च्या पावसात मुंबई परिसरातील दूरध्वनी व मोबाइल सेवा कोलमडल्या, हा आपल्या तिन्ही शहरांचा अनुभव आहे. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान पुराच्या पाण्यात अडकलेल्या महालक्ष्मी एक्स्प्रेसमधील सुमारे १,०५० प्रवाशांना बाहेर काढण्यासाठी बोटींबरोबर हेलिकॉप्टरही पाठवावी लागली. उल्हास नदीच्या खोऱ्यात ढग खाली आलेले असताना, जवळच मलंगगड आणि माथेरानचा डोंगर असताना उडणाऱ्याला नेटवर्कवर उघडणारा नकाशा उपयोगाचा नाही. आवश्यक तो सर्व भाग आधीच उतरवून घेतलेला असणे, तो उड्डाणापूर्वी इंटरनेट बंद करून उघडून पाहिलेला असणे आणि तो नाहीसा झाला तर होकायंत्र व घड्याळ यांवर उडण्याचे कौशल्य असणे, या गोष्टी अतिदक्षतेत मोडत नाहीत. जे. आर. डी. टाटांच्या पिढीला हे कौशल्य नाइलाजाने आले. आजच्या पिढीने ते ठरवून जपावे लागेल.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून निवडीचा क्रम पुढीलप्रमाणे मांडता येईल. प्रथम माहिती : आपण जेथे उडणार तेथील अधिकृत व चालू माहिती कोणत्या ॲपमध्ये आहे. नंतर संस्था : आपल्या प्रशिक्षण-संस्थेत शिक्षक कोणते ॲप वापरतात, कारण हवेत शिक्षक व विद्यार्थी यांनी एकच नकाशा वाचणे हे ब्रँडच्या आवडीपेक्षा मोलाचे आहे. त्यानंतर उपकरण : उपग्रह-ग्राहक असलेला, मांडीवर मावणारा, उन्हात टिकण्याची सोय केलेला टॅब्लेट. शेवटी पर्याय : शक्य तर दुसऱ्या प्रणालीवरील साधा फोन आणि संबंधित भागाचा कागदी नकाशा, म्हणजे एकाच दोषाने दोन्ही साधने एकदम निकामी होणार नाहीत. या क्रमाने गेल्यास बहुतेक वेळा प्रणालीची निवड आपोआप होते. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे आयपॅडकडे नेत असतील तर सिमकार्डचा आयपॅड घ्यावा. तसे नसेल तर चांगल्या अँड्रॉइड टॅब्लेटवर पैसे वाचविण्यात कमीपणा नाही.

महाविद्यालयीन अध्यापकांनी विद्यार्थ्याला उपकरणाचे नाव सांगण्याऐवजी हा क्रम सांगावा, अशी सूचना येथे करावीशी वाटते. भौतिकशास्त्राच्या तासाला उपग्रहस्थितीची त्रुटी, भूगोलाच्या तासाला प्राधिकरणाच्या प्रकाशनातील एक पान व ॲपमधील तोच भाग यांची ताडणी, संगणकशास्त्राच्या तासाला २०१५ च्या दुहेरी नकाशाचे प्रकरण, असे छोटे उपक्रम कोणत्याही अनुदानाशिवाय घेता येतील. आपल्या वर्गातील एखादी मुलगी किंवा मुलगा काही वर्षांनी नवी मुंबईच्या धावपट्टीकडे विमान वळवील, तेव्हा त्याच्या हाती कोणत्या कंपनीचा टॅब्लेट आहे हे आपल्याला ठाऊक नसेल. पडद्यावरील निळ्या ठिपक्याला 'हे तुला कोणी सांगितले?' असा प्रश्न तो विचारू शकतो की नाही, हे मात्र बऱ्याच अंशी आपल्या हाती आहे.